खर्ड्याजवळची दोन माणसांची भाषा

परत आल्यापासून भेटेल तो मला एकच विचारतो, "मग, सापडला का भाषेचा उगम?" विचारताना ओठाच्या कोपऱ्यात हसू असतं. मी जणू कुठल्या नदीच्या उगमाला जाऊन आले आणि तिथे एक गोमुख असणार, त्याच्यापुढे उभी राहून मी फोटो काढला असणार. तेच तेच सांगून माझं तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

मी पुण्यात एका संस्थेत भाषाशास्त्राचं काम करते. आमच्या सरांना आयुष्यभर एकाच प्रश्नानं पछाडलं आहे: माणूस बोलायला लागला कसा? आधी आरोळ्या आल्या की आधी हातवारे? हाडं जमिनीत राहतात, दगडाची हत्यारं राहतात, शब्द मात्र बोलला की गेला. त्यामुळे या विषयात वाद पुष्कळ आणि पुरावा नावाला. कुणा बादशहानं म्हणे तान्ही मुलं मुक्या दायांच्या हवाली केली होती, ती आपसूक कुठली भाषा बोलतात ते बघायला. तसले अघोरी प्रयोग आता कोणी करू देणार नाही, करूही नयेत. पण सरांना कुठल्याशा शिबिरात खर्ड्याजवळच्या वस्तीवरचे एक गुरुजी भेटले आणि त्यांनी सांगितलं की आमच्याकडे भाऊ-बहीण आहेत, दोघंही जन्मापासून बहिरे, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, कोणी काही शिकवलेलं नाही, आणि दिवसभर हातांनी एकमेकांशी बोलत असतात. सर मोहरून गेले.

"वसुधा, ही भाषा कुणाकडून आलेली नाही. दोघांनी शून्यातून उभी केली आहे. जा आणि बघ. मध्ये बोलायचं नाही, शिकवायचं नाही. फक्त बघायचं."

स्वतः सर गेले नाहीत. त्यांना ऊन सोसत नाही. मला त्यांनी स्पूलचा टेपरेकॉर्डर मात्र दिला.

"सर, ती माणसं बोलतच नाहीत. टेप कशाला?"

"असू दे. काही ना काही आवाज निघतीलच."

वासराएवढं वजन असलेली ती पेटी घेऊन मी भर उन्हाळ्यात, भर दुष्काळात निघाले.

जामखेडची गाडी

नगर सोडलं आणि हिरवा रंग संपला. झाडांच्या फांद्यासुद्धा जनावरांसाठी तोडून नेलेल्या, नुसते खुंट उभे. रस्त्यानं चाऱ्याच्या गाड्या आणि डोक्यावर टोपली घेऊन दुष्काळी कामावर निघालेल्या बायकांच्या रांगा. अशा मुलखात मांडीवर बटणांची पेटी घेऊन बसलेली बाई पाहिल्यावर लोकांनी काय समजावं? शेजारच्या पागोटेवाल्यानं बराच वेळ पेटीकडे पाहिलं आणि विचारलं, "ह्यानं पानी घावतंय व्हय?"

"नाही हो. ह्यात आवाज धरतात."

"पान्याचा?"

"माणसांचा."

"मान्सांचा कशापायी धरायचा? मान्सं हायेतच की हितं."

मी समजावून सांगेपर्यंत मागच्या बाकापर्यंत बातमी गेली होती की सरकारनं पाणी शोधणारी बाई पाठवली आहे. पुढे चढावर गाडीचं रेडिएटर तापलं. कंडक्टर डबा घेऊन पाण्याला गेला आणि रिकाम्या डब्यानं परत आला. तेव्हा सगळ्या गाडीनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जवळ यंत्र असून मी मुद्दाम गप्प बसले आहे. दोघांनी तर उतरून आमच्या विहिरीवर चला म्हणून गळ घातली. मी नाही म्हटल्यावर एकजण मोठ्यानं म्हणाला, "शिकल्याली मान्सं अशीच. जवळ असून द्यायची न्हाईत." शेवटी एका म्हातारीनं आपल्या कळशीतलं पाणी ओतलं आणि गाडी हलली. त्या म्हातारीनंही उतरताना माझ्याकडे रागानंच पाहिलं.

गुरुजी

खर्ड्याचा किल्ला लांबूनच दिसतो. तो बघायला मला वेळ मिळाला नाही, कारण स्टँडवरच गुरुजी हजर होते. माणूस मनाचा चांगला. पाहुणचार म्हणाल तर स्वतः उन्हात माझी पेटी डोक्यावर घेऊन वस्तीपर्यंत चालले. पण हा गृहस्थ बोलायचा थांबत नाही. श्वास कधी घेतो हेही कळत नाही. मी भाषेचा उगम शोधायला निघाले होते आणि पहिल्याच दिवशी भाषेचा शेवट कुठे होतो हे शोधायची वेळ आली.

राहायची सोय त्यांच्याच घरी होती. त्यांच्या बायकोनं रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं वाढलं. ती भाकरी घशाखाली उतरायला पाणी लागतं आणि पाणी मागायची लाज वाटत होती. ते बाईंच्या लक्षात आलं असावं. न विचारता त्यांनी अर्धा तांब्या पुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी 'प्रात्यक्षिक' ठरवलं होतं. मला वाटलं होतं, मी कुठेतरी ओसरीवर गुपचूप बसेन आणि भाऊ-बहीण आपापलं बोलतील. प्रत्यक्षात कडुलिंबाखाली सतरंजी, सतरंजीवर मी, समोर ते दोघं आणि भोवती सगळी वस्ती. भाऊ म्हादू, पंचविशीचा, उंच आणि किडकिडीत. बहीण शेवंता त्याच्याहून चार वर्षांनी धाकटी, तरतरीत डोळ्यांची. त्यांची आई भागूबाई घराच्या उंबऱ्यात बसून तांदूळ निवडल्यासारखा मिलो निवडत होती. बाप पूर्वीच वारलेला.

"हां, म्हादू, पाऊस दाखव बाईंना," गुरुजी ओरडले. बहिऱ्या माणसाला ते ओरडून सांगतात, वर हातानं ठरलेला इशाराही करतात. म्हादूनं बोटं वरून खाली आणली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आता बैल दाखव. आता पाटलाची चाल दाखव."

म्हादूनं पाटलाची चाल दाखवली. पोट धरधरून हसले सगळे. ती भाषा नव्हे, ती नक्कल होती. डोंबाऱ्याच्या खेळासारखं त्या दोघांना नाचवलं जात होतं आणि मी सतरंजीवर बसून तो खेळ बघणारी पाहुणी. मी गुरुजींना हळूच म्हणाले, "गुरुजी, त्यांना आपापसात बोलू द्या ना."

"बोलतात की! शेवंता, बाईंशी बोल. ती म्हणते, नमस्कार बाई, तुम्ही आलात, आम्हाला फार आनंद झाला."

शेवंतानं हातसुद्धा हलवला नव्हता. ती माझ्याकडे अशी बघत होती की आनंद तिच्यापासून कोसभर लांब असावा.

आमच्या घरी लहानपणी आई सारखी दटावायची, "हात हलवून बोलू नकोस, अडाण्यासारखं दिसतं." पुण्यात पाहुण्यांसमोर बोलताना मी अजूनही हात मांडीखाली दाबून बसते. त्या दिवशी दोन्ही हात मोकळे सोडून गुरुजींचं तोंड दाबावं असं मला फार वाटलं.

तलावाच्या भरावावर

भाऊ-बहीण दोघंही पाझर तलावाच्या कामावर जात. प्रात्यक्षिकाच्या दुसऱ्या दिवशी मी हट्टानं एकटी तिकडे गेले. गुरुजींना शाळा होती, ही देवाची कृपा.

तिथे काय बघायला मिळालं ते सांगते आणि माझी चिडचिड का झाली तेही सांगते. भरावावर रोलर घरघरत होता, दगड फुटत होते, वारा सुटलेला. या टोकाचं त्या टोकाला काही ऐकू जात नव्हतं. आणि सगळ्या बायका शेवंताच्या हातांनी बोलत होत्या! खाली खड्ड्यात माती भरणारी बानूबी, गवंड्याची बायको, वरच्या बाईला हातानं विचारत होती की मुकादम कुठे गेला. वरच्या बाईनं तशाच हातानं सांगितलं की झोपलाय. मग दोघी हसल्या.

मी बानूबीजवळ जाऊन बसले. "तुम्हाला ही खुणांची बोली कुठून आली?"

"शेवंतानं शिकवली न्हवं? आधी आमी तिला येडी म्हनायचो. मग हितं काम सुरू झालं, वरडून वरडून घसा बसला. तिचं बरं चाललंवतं. मग म्हनलं, हिचंच उचला."

सरांचा शून्यातून उभा राहिलेला, कोणाचाही स्पर्श न झालेला नमुना! त्याला भरावावरच्या सगळ्या बायकांचे हात लागले होते. आता कुठली खूण भावंडांची आणि कुठली बानूबीनं आपल्या पदरची घातलेली, हे कसं वेगळं करायचं? मी इतकी वैतागले की त्या दिवशी पेटी उघडलीच नाही.

पण दुपारच्या सुट्टीत सावलीला बसले असताना समोर शेवंता म्हादूशी बोलायला लागली. तिला वाटलं मी डोळे मिटले आहेत. तिनं गालाखाली तळहात धरला, झोपेची खूण, आणि मग अंगठा खांद्यावरून मागे टाकला. झोपेच्या मागे. म्हणजे काल! समोर नसलेली, होऊन गेलेली गोष्ट सांगायची सोय त्यांनी स्वतःची स्वतः केली होती. सरांच्या लेखी यापरतं मोठं काही नाही. जनावर समोरच्या वाघाबद्दल ओरडेल, कालच्या वाघाबद्दल ओरडणार नाही.

मग पुढचं कळायला लागलं तसं माझ्या आनंदावर पाणी पडलं. ती कालच्या प्रात्यक्षिकाबद्दलच सांगत होती. गुरुजींचं न थांबणारं तोंड, आणि त्यांच्या शेजारी ताठ बसलेली, हात मांडीखाली दाबलेली, कपाळाला आठ्या घातलेली एक बाई. म्हादू हसून हसून आडवा झाला. मी अर्धवट मिटलेले डोळे उघडले. शेवंतानं माझ्याकडे पाहिलं आणि मुळीच ओशाळली नाही. तिनं मला विचारलं, म्हणजे भुवया उंचावल्या आणि माझ्या मांडीकडे बोट केलं: हात का लपवतेस?

शब्द होते, हात नव्हते. मी नुसती खांदे उडवत राहिले.

पुढचे काही दिवस मी रोज तिथेच बसले. थोडं थोडं समजू लागलं, बरंचसं चुकत होतं. चुकलं की शेवंता चिडायची. एकदा चिडायची, दोनदा चिडायची, तिसऱ्यांदा पाठ फिरवून निघून जायची. गुरुजी संध्याकाळी येऊन मला सगळं समजावून सांगत आणि त्यातलं बहुतेक खोटं असे.

पाहुणे

अशात भागूबाईनं मला घरी बोलावलं. "बाई, उद्या पावनं यायचेत. मिरजगावचं स्थळ हाय शेवंताला. बिजवर हाय, पन पोरंबाळं न्हाईत, पिठाची गिरनी हाय सोताची. तुमी बसा आमच्यासंगं. शिकल्यालं मानूस असलं की बरं दिसतंया."

"शेवंताला विचारलंत?"

"तिला काय इचारायचं? कळलंय तिला." पण हे म्हणताना भागूबाईनं माझ्याकडे पाहिलं नाही.

पाहुणे दुपारी आले. मुलगा बबन, तिशीतला, खाली मान घालून बसलेला, आणि त्याचा मामा. मामा गुरुजींचा जुळा भाऊ शोभावा. दोघं भेटले आणि बाहेर वारा पडला तरी चालेल अशी त्यांच्या बोलण्याची हवा खेळू लागली. पाऊस, चारा, मोटारीचं भाडं, सगळं झालं. मग मामा मुद्द्यावर आला.

"आमची काय बी हरकत न्हाई. मुकी असली म्हनून काय झालं? गिरनीत तरी कुठं काय ऐकू येतंय? उलट घरात शांतता ऱ्हाईल." आणि आपल्याच विनोदावर हसला.

गुरुजी म्हणाले, "मुलीचीही काही हरकत नाही."

शेवंता चहाचे कप घेऊन आली होती. तिला ओठ वाचता येत नाहीत, पण चेहरे येतात. कप ठेवले आणि ती गेली नाही. तिनं मिरजगावकडे हात केला, तिकडे. मग दोन्ही हातांची बोटं एकमेकांसमोर धरून हलवली. मग छातीवर हात ठेवला आणि शेवटी रिकामा तळहात उलटा केला.

म्हादूनं आईकडे पाहिलं. भागूबाईनं मान खाली घातली. तिला कळलं होतं, हे मला दिसलं. पण ती बोलेना.

"काय म्हनती पोरगी?" मामानं विचारलं.

फक्त बघायचं, मध्ये बोलायचं नाही, असं सरांनी बजावलं होतं. पण गुरुजींनी तोंड उघडलेलं पाहिलं आणि मला राहवेना. ते म्हणणार होते, तिला फार आनंद झाला. मी घाईघाईनं म्हणाले, "ती विचारतेय, तुमच्या घरात माणसं किती?"

मामा खूश झाला. थोरला भाऊ, भावजय, त्यांची मुलं, आत्या, आत्याची विधवा जाऊ, सगळ्यांची नावं, कोण कुठे दिलेली, कोणाचं कोणाशी पटत नाही, सगळं सांगितलं. शेवंतानं कपाळावर हात मारून घेतला. म्हादूनं मला तीच खूण पुन्हा करून दाखवली, सावकाश, मठ्ठ मुलाला दाखवावी तशी. तिकडे. बोटं समोरासमोर. मी. रिकामा हात.

"नाही नाही," मी म्हणाले, "ती विचारतेय, घरात भांडणं होतात का."

"भांडनं?" मामाचा आवाज चढला. "आमच्या घरात? कुनी सांगितलं हिला?"

शेवंताच्या घशातून एक आवाज निघाला. त्या सगळ्या दिवसांत मी ऐकलेला तिचा तो पहिला आवाज, नुसता वैताग. पाय आपटून तिनं खूण तिसऱ्यांदा केली. आणि तेव्हा भागूबाई ताडकन उठली.

"न्हाई वो बाई! येत न्हाई तर गप बसावं मान्सानं! भांडनं न्हाई म्हनत ती. ती म्हंती, तितं माज्यासंगं बोलंल कोन?"

म्हणाली आणि तिनं पदर तोंडाला लावला. तिच्या तोंडून ते निघायला नको होतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

गुरुजींनी उघडलेलं तोंड मिटून घेतलं. मग मामा चप्पल शोधायला लागला. "बोलायचं काय त्यात? धुनंभांडी बोलून करत्यात व्हय? चल रं बबन." बबन उठला. दारात थांबून त्यानं एकदा शेवंताकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं आणि निघून गेला. त्याला काय म्हणायचं होतं, कोण जाणे.

भागूबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "चांगलं स्थळ हुतं. तुमी आला आन मोडलं. म्या मेल्यावर हिला कोन बघंल? तुमची बुकं बघतील?"

मला स्वतःचा राग येत होता, सरांचा येत होता आणि सगळ्यात जास्त राग याचा येत होता की मी बरोबर अर्थ सांगितला असता तर कदाचित तो असा उघड्यावर आलाही नसता. सभ्य शब्दांत गुंडाळून मी तो मामाच्या हातात दिला असता आणि मामानं खिशात घातला असता.

निरोप

परवाच्या गाडीनं निघायचं ठरवलं. वस्तीवर माझ्याशी कोणी धड बोलेना. म्हादूही नजर चुकवत होता. शेवंता मात्र पूर्वीसारखीच होती, किंबहुना जरा बरी, कारण निदान तिचं म्हणणं एकदा सगळ्यांना कळलं होतं. निघायच्या सकाळी मी तलावावर गेले. बानूबीनं मला गूळ-शेंगदाण्याची पुडी दिली. त्या दिवशी भागूबाईही कामावर आली होती, तिनं पाठ फिरवली.

तेवढ्यात पायवाटेनं एक सायकल आली. बबन होता. एकटा. जामखेडपर्यंत मोटारीनं येऊन पुढे भाड्याची सायकल मारत आला होता, घामानं निथळत होता. भरावाखाली सायकल आडवी टाकून तो सरळ वर आला आणि भागूबाईपुढे उभा राहिला.

"मामाला ठावं न्हाई मी आलोय." त्यानं बाहीनं तोंडावरचा घाम पुसला. मग म्हणाला, "गिरनीत म्या बी दिसभर हातानंच बोलतो. पन ते नुस्तं दळन बारीक का जाड, येवढंच. ह्या बोलीत काय काय बोलता येतंय, ते बघावं म्हनलं."

भागूबाईनं टोपली खाली ठेवली.

"हिला हाक कशी मारायची?" त्यानं विचारलं.

"शेवंता म्हनायचं," कुणीतरी म्हणालं.

"ते तिला कुठं ऐकू येतंय? म्हादू कसं म्हंतो?"

एवढे दिवस तिथे बसून हा प्रश्न मला सुचला नव्हता. भागूबाईनं आपल्या हनुवटीवर एक बोट टेकवलं, शेवंताच्या हनुवटीवर तीळ आहे तिथे. "असं. ल्हानपनापास्नं असंच म्हंतो तो. दोघांनी समद्यांना नावं ठेवलीत अशी."

बबननं हनुवटीऐवजी गालावर बोट टेकवलं. शेवंता बघत होती. तिच्या कपाळाला आठी पडली, मला ओळखीची होती ती आठी. आता ही पाठ फिरवणार, असं मला वाटलं. ती तरातरा चालत त्याच्यासमोर आली, त्याचं मनगट धरलं आणि भर कामावर, सगळ्या बायांच्या देखत, त्याचं बोट उचलून त्याच्याच हनुवटीवर नेमक्या जागी ठेवलं. बायांनी पदर तोंडाला लावले. भागूबाई दुसरीकडे बघू लागली. मुकादमानं "काम करा, काम करा" म्हणून ओरडून पाहिलं, पण रोलरवालाच यंत्र बंद करून बघत उभा होता.

बबननं मनगट सोडवून घेतलं नाही. दुसऱ्या हातानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवून त्यानं भुवया वर केल्या. आणि मी?

शेवंतानं त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. घाई अजिबात नव्हती. सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून त्यानं उजव्या पायाची विजार घोट्याशी सुतळीनं करकचून बांधली होती. तिथे तिची नजर थांबली. मग तिनं आपल्या मनगटाभोवती दोन बोटांनी एक वेढा घेतला आणि गाठ मारली.

म्हादू मातीत बसून हसायला लागला. बबननं खाली पायाकडे पाहिलं, कानापर्यंत लाल झाला आणि सगळ्यांसमोर आपल्या मनगटाभोवती तोच वेढा घेऊन त्यानं तीच गाठ मारली. आणि मग शेवंताही हसली.

माझी गाडी केव्हाच निघून गेली होती.